मदत हवी आहे: सिस्टरांसाठी मोबाईलवरचं एआय प्रशिक्षण (मेळघाट)

मेळघाटची_ताई
नमस्कार. आमच्या एएनएम (उपकेंद्रातल्या नर्स) सिस्टरांना लहान लेकरांना न घाबरवता, न दाबून धरता सुई कशी द्यायची हे मोबाईलवर शिकवायचं आहे. एआयवालं कोणतं ॲप चांगलं? फुकट हवं. एक वापरून पाहिलं, काही उपयोगाचं नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांना दाखवायचं आहे, लवकर सांगा.

कोडवाला
उपयोगाचं नाही म्हणजे? मराठी कळत नव्हतं की उत्तरं चुकीची? किती जणी आहेत? फोन कोणते? नेट?

राजेहो
नेट म्हणे! धारणीच्या पुढं गेलं का मोबाईलचा टॉर्चच तेवढा कामी येते.

संत्राबर्फी
विषयांतराबद्दल माफी. भाचीला जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करायचंय, बारावी आर्ट्स चालतं का?

निवृत्त_सिस्टर
चालतं, इंग्रजी विषय हवा. वेगळा धागा काढा.

मेळघाटची_ताई
फोन सगळ्यांचे स्वतःचे, साधे अँड्रॉइड. रेंज आली तर आली. ॲप म्हणतं, सुईच्या तासभर आधी बधिर करायचं क्रीम लावा, मग कार्टून दाखवा. उपकेंद्रात कुठलं क्रीम? बाहेर आयांची रांग असते. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलतं. खरी अडचण अशी की पहिल्या पेंटाला (पाच रोगांवरची एक लस) लेकरू आकांत करतं आणि दहाव्या आठवड्याला, पुढच्या डोसला, आई येतच नाही.

कोडवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना ताई.

विदर्भपुत्र
पेंटानंतर ताप येतोच. सुईच्या आधीच पॅरासिटामॉल पाजा, सगळा प्रश्न मिटतो.

निवृत्त_सिस्टर
नाही मिटत, आणि विचारलंय कोणी? सुईच्या आधी ते देऊ नका असंच सांगितलेलं आहे. ताई, काय शिकवायचं ते आधी पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. बाळाला टेबलावर आडवं पाडायचं नाही, आईनं छातीशी धरायचं. अंगावर पीत असतानाच सुई दिली तर उत्तम. रोटा (जुलाबावरची, तोंडातून पाजायची लस) गोड असतो, तो आधी पाजा, सुया नंतर, आणि जास्त दुखणारी सुई सगळ्यांत शेवटी. सिरिंज मागं ओढून रक्त बघायची जुनी सवय सोडा, त्यानं सुई उगाच जास्त वेळ आत राहते. "काही नाही होत" हे खोटं बोलू नका. मोठ्या पोरांना "रडलास तर अजून एक देईन" म्हणणाऱ्या सिस्टर तर मी स्वतः पाहिल्यात.

गडचिरोलीकर
एआय कशाला? आमच्या गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या सर्च संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना शिकवून नवजात बाळं वाचवली, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. तेव्हा मोबाईल होता का?

कोडवाला
तो विषय घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा, हा सुई देण्याचा. आणि त्या बायांना वारंवार शिकवायला माणसं होती. इथं कोण आहे?

राजेहो
तेच म्हणतो. आमच्याकडं एक सिस्टर दोन उपकेंद्रं पाह्यते. आधी जागा भरा, मंग मोबाईल शिकवा.

कोडवाला
जागा भरणं या धाग्याच्या हातात नाही, राजेहो. ताई, वेगळं ॲप शोधू नका. बोलणारा कुठलाही फुकट चॅटबॉट घ्या. वर सिस्टरनं लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांकडून तपासून त्याला द्या आणि बजावा, "याबाहेरचं सांगायचं नाही." तरी अधूनमधून घसरतो, म्हणून त्याला शिकवायला लावू नका, आई बनवा: "तू दहा आठवड्यांच्या बाळाची आई. मागच्या सुईला बाळ फार रडलं, आता नको म्हणतेस. लगेच ऐकायचं नाहीस." सिस्टर बोलेल, तो आईसारखा अडून बसेल. मीटिंगला सगळ्या जणी तालुक्याला येतात तेव्हा रेंज असते, तिथंच सराव घ्या. धरायचं कसं याचा व्हिडिओ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

मेळघाटची_ताई
हे जमेल. पण आया कोरकू बोलतात. आणि सिस्टरनं सत्राचा व्हिडिओ टाकला तर बाळ नीट धरलंय का, हे एआय सांगेल का?

निवृत्त_सिस्टर
लेकरांचे व्हिडिओ अजिबात टाकू नका! २०२३ च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते. आणि हात कुठं सैल, कुठं घट्ट, हे शेजारी उभं राहूनच दाखवावं लागतं. कापडी बाहुली घ्या, एकीनं धरायचं, दुसरीनं बघायचं.

कोडवाला
कोरकू घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, तेव्हा भाषिणी या सरकारी भाषांतराच्या सोयीवर भिस्त ठेवू नका. चॅटबॉटची कोरकू तर तपासणार कोण? पाच-सहा वाक्यं आशाताईच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या.

गडचिरोलीकर
म्हणजे शेवटी माणूसच लागला.

कोडवाला
लागणारच. नको असं कोण म्हणालं?

मेळघाटची_ताई
भांडण नंतर करा. कोडवाला, ती आईवाली सूचना पूर्ण लिहून द्या, जशीच्या तशी चिकटवते. मोठ्या पोराची पण एक द्या, गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसची, दीड वर्षाचं, ते पळतं. चिखलदऱ्याकडची कोरकू बोलणारी आशाताई इथं कोणी आहे का?

सेमाडोह_आशा
मी आहे. वाक्यं व्यनि (खासगी निरोप) करा. मराठीतूनच पाठवा, कोरकू मी करते.