मदत हवी आहे: सिमेंटच्या कोर्टवर मुलीचे बास्केटबॉलचे जोडे सरकतात, गुडघाही दुखतो

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. शेती आहे, सोयाबीन आणि कापूस. बास्केटबॉल मी कधी खेळलो नाही. मुलगी खेळते म्हणून दोन वर्षांपासून कडेला उभा राहून बघतो, तेवढीच माझी माहिती.

मुलगी नववीत आहे. वय १४, उंची ५ फूट ५ इंच, वजन ४८ किलो. शाळेच्या १७ वर्षांखालच्या संघात आहे. तालुक्याची फेरी जिंकली, आता जिल्ह्याची साधारण महिन्याभरात आहे. ती जिंकली तर अमरावतीला विभागीय. गावातल्या मुली इथपर्यंत पहिल्यांदाच आल्या आहेत, म्हणून जिवाला घोर लागला आहे.

अडचण अशी. ती जोरात पळत येऊन थांबते तेव्हा जोडे वीतभर पुढे जातात. तिच्याच शब्दांत, "बाबा, मी थांबली तरी जोडे पुढं जाऊन राह्यले." डिफेन्समध्ये आडवं सरकतानाही तेच. तालुक्याच्या सामन्यात दोनदा पडली, कोपर सोललं. शिवाय महिनाभरापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. सरावानंतर जिना उतरताना ती कठड्याला धरते.

कोर्ट सिमेंटचं आहे. अर्धा भाग घोटून गुळगुळीत केलेला, उरलेल्या भागाचा वरचा थर उडून खडी दिसते. सध्या सोयाबीन निघालं आहे. गावात जिथे सिमेंट तिथे वाळवण, त्यात कोर्टही आलं. मीसुद्धा तिथेच वाळवतो. झाडून घेतलं तरी कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, आणि माती राहतेच.

जोडे मागच्या जूनमध्ये ऑनलाइन मागवले, २,४०० रुपयांना. वर बास्केटबॉल शूज असं लिहिलं होतं. सोल निळसर, अर्धवट आरपार दिसणारा. चवड्याखाली झिजून सपाट झाला आहे. वाढतं अंग आहे म्हणून एक नंबर मोठा घेतला होता.

तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं, जाड सोलचे रनिंगचे घ्या, गुडघ्याला आराम पडेल. गावातला एक जुना मल्लखांबपटू म्हणतो, तळव्याला राळ लावा, हलणार नाही. दोघंही भल्यासाठीच सांगतात, पण खात्री कोणाची धरू? माझ्याकडे ३,५०० रुपये आहेत आणि एकच जोड घेता येईल. गावात सिमेंट, आणि पुढे गेलो तर लाकडी कोर्टही लागू शकतं. ग्रिप आणि कुशन दोन्ही साधतील असं काय बघून घ्यावं?

जुना सेंटर

भाऊ, आधी अभिनंदन. पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, ओल्या फडक्याने दोन्ही सोल पुसा, पूर्ण कोरडे होऊ द्या आणि त्याच जागेवर तिला पळून थांबायला सांगा. दोन, शाळेच्या व्हरांड्यात स्वच्छ फरशीवर तेच करून बघा. तीन, मोजे काढून तिच्या पायाचे अंगठे बघा. नख काळं पडलं आहे का?

कोरडवाहू

आज संध्याकाळी तिन्ही करून पाहिलं. सोल पुसल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं चांगली गेली, मग पुन्हा सुरू. व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, तिथे जोडे जवळजवळ सरकत नाहीत, पण थांबताना पाय आतल्या आत पुढे जातो असं ती म्हणाली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी आहेत. तिने आजवर सांगितलं नव्हतं. जोडे नवे मागावे लागतील म्हणून गप्प राहिली असावी.

जुना सेंटर

मग तुमच्याकडे सरकणं दोन ठिकाणी होतं आहे. जोडा कोर्टवर सरकतो आणि पाय जोड्यात सरकतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आतलं आधी. एक नंबर मोठा जोडा शाळेला चालेल, बास्केटबॉलला नाही. या खेळात दर काही सेकंदांनी थांबणं आणि दिशा बदलणं असतं. जोडा थांबतो, पाय पुढे जाऊन टोकावर आपटतो, नख काळं पडतं. कितीही भारी ग्रिपचा सोल घेतला तरी माप चुकलं तर हे होणारच. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालते तेच मोजे घालून कागदावर उभं करा, पेन्सिल सरळ धरून बाह्यरेषा काढा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. नंबर कंपनीगणिक बदलतो, सेंटीमीटर बदलत नाहीत. पुढे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा कमीच जागा हवी आणि टाच उचलता कामा नये. तोवर जुन्या जोड्यात लेस सगळ्यात वरच्या भोकातून ओवून घोट्याजवळ घट्ट बांधा, थोडा फरक पडेल.

आता बाहेरचं. रबर फरशीला घट्ट टेकलं की पकड मिळते. मध्ये बारीक माती आली की रबर मातीवर बसतं आणि माती फरशीवर लोळते. म्हणून पुसल्यावर आठ मिनिटं चाललं आणि मग गेलं. तुमचं कुटार तर आणखी वाईट, ते सपाट आणि गुळगुळीत असतं. आरपार दिसणारे सोल धूळ लवकर धरतात असा आमच्या बहुतेक खेळाडूंचा अनुभव आहे, आणि तुमचा तर झिजलेलाही आहे. खाचा उरल्या नाहीत तर धूळ जाणार कुठे?

नवा घेताना सोल उलटा करून बघा. घट्ट, आरपार न दिसणारं रबर हवं. नागमोडी खाचा हव्यात, पुढे-मागे आणि आडव्या अशा सगळ्या दिशांना धरणाऱ्या. खाचा नखाची कड आत जाईल इतक्या खोल आणि एकमेकींपासून सुट्या असाव्यात. अगदी दाट, बारीक नक्षीत माती भरून बसते. नखाने रबर दाबा. फार मऊ असेल तर लाकडावर छान धरेल, पण तुमच्या खडीवर दोन-तीन महिन्यांत उडेल. दगडासारखं कडक असेल तर उलटं. नायकीच्या काही जोड्यांवर एक्सडीआर लिहिलेलं असतं, ते बाहेरच्या कोर्टसाठीचं जास्त टिकाऊ रबर. तुमच्या बजेटमध्ये बसेलच असं नाही, पण बाकीच्यांच्या सोलमध्येही तोच गुण शोधा.

निळा डबा

३,५०० मध्ये बॅडमिंटनचे घ्या आणि मोकळे व्हा. तपकिरी गम सोल लाकडी कोर्टवर चिकटल्यासारखा बसतो. आमच्या कॉलेजात अर्धी टीम तेच घालून खेळायची.

जुना सेंटर

लाकडावर खरं आहे. पण ही मुलगी वर्षातले बहुतेक दिवस सिमेंटवर असते. गम सोल तिथे खोडरबरासारखा झिजतो. शिवाय बॅडमिंटनच्या जोड्यात बहुधा कुशन पातळ असतं, आणि हिचा गुडघा आधीच बोलतो आहे.

फिजिओताई

गुडघ्याबद्दल वाचून लिहिते आहे. दादा, वाटीखाली जिथे नडगीचं हाड सुरू होतं तिथे बोटाने दाबल्यावर नेमकं दुखतं का? तिथे छोटा उंचवटा आला आहे का? वाढीच्या वयात, उड्या मारणाऱ्या मुलामुलींमध्ये ऑसगुड-श्लॅटर नावाचा त्रास पुष्कळ दिसतो. हाडाचा तो भाग अजून वाढत असतो आणि मांडीचा स्नायू उडीगणिक त्याला ओढतो. दुसरी शक्यता वाटीखालच्या स्नायुबंधाला आलेली सूज. दोन्हींत जोडे बदलल्याने थोडं बरं वाटेल, पण उपचार तो नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. उड्या किती मारायच्या हे तेच सांगतील. रात्री दुखत असेल, सूज असेल किंवा लंगडत असेल तर थांबूच नका.

राळ लावू नका, ही कळकळीची विनंती. मल्लखांबात पकड सुटता कामा नये, तिथे राळ योग्य आहे. बास्केटबॉलमध्ये पाय जमिनीला चिकटला आणि अंग वळलं तर तो पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध असाच तुटतो, आणि तो तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. पकड थांबण्यापुरती हवी, वळताना पाय सुटलाही पाहिजे.

दुकानदार उंच घोट्याचे जोडे सुचवतील. १९९३ मध्ये अमेरिकेत ६२२ कॉलेज खेळाडूंना उंच आणि ठेंगणे जोडे वाटून पाहिलं होतं. घोटा मुरगळण्यात लक्षात येण्याजोगा फरक निघाला नाही. त्यासाठी जास्त पैसे घालू नका. तेवढ्या वेळात तिला दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा. कान लावून ऐका. धप्प आवाज येतो तिथे भार सांध्यावर जातो.

पांढरा खडू

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. कुशनबद्दल राहिलं म्हणून लिहितो.

लाकडी कोर्टच्या फळ्यांखाली पट्ट्या, रबर असं काहीतरी असतं, त्यामुळे जमीनच थोडी दबते. फरशी किती धक्का झेलते हे मोजताना तुलना काँक्रीटशी करतात, म्हणजे काँक्रीट शून्य. खेळाच्या बंदिस्त फरशांसाठी युरोपात ईएन १४९०४ हे मानक आहे, त्यात किमान २५ टक्के धक्का फरशीने खावा अशी अट आहे. तुमच्या मुलीच्या कोर्टवर तो वाटाही जोड्यावर आणि तिच्या पायांवर येतो.

पण म्हणून रनिंगचे जाड जोडे नकोत. ते सरळ पळण्यासाठी बांधलेले असतात. टाच उंच, सोल तुलनेने अरुंद, आतला फेस (फोम) मऊ. आडवं सरकून थांबलं की पाय कडेवरून बाहेर कलंडतो. बास्केटबॉलच्या जोड्यात चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोलची कड पसरट काढलेली असते, ती याचसाठी. तुमच्या दुकानदाराचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र या खेळाचा नाही.

स्वस्त जोड्यांत बहुतेक ईव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकचा फेस असतो. त्यातले हवेचे बारीक कप्पे दर उडीला दबतात आणि हळूहळू दबलेलेच राहतात. सोलची नक्षी शाबूत दिसते तेव्हा आतला फेस कधीच मेलेला असतो. बाजूने बघा, फेसवर आडव्या सुरकुत्या दिसतील. टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली दिसेल. दुकानात अंगठ्याने दाबून कुशन कळत नाही, जोडे घालून दहा उड्या मारायला लावा. टाच जमिनीला टेकल्यासारखी लागली तर फेस फार मऊ आहे. घोटा डुलला तरी नको. पातळ वाटला तर सुकतळा वेगळा आणून बदलता येतो, पण जोड्याबरोबरचा आधी काढा. एकावर एक घातले की टाच वर येते आणि पुन्हा सरकते.

दोन गोष्टी आपल्याकडच्या उन्हाच्या. एप्रिल-मेमध्ये जोडे पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पारा ४५ च्या वर जातो, डिंक सुटतो, सोल उघडतो. आणि नवे आणल्यावर घालण्याआधीच मोच्याकडून कडेने शिवून घ्या. सोलची कड वर वळलेली असेल तरच शिवता येतं. मोची सुई घालण्याआधी बघून सांगतो.

एकच जोड असेल तर सिमेंट धरून घ्या. लाकडावर सामना आला तर आदल्या दिवशी सोल ब्रशने धुऊन रात्रभर वाळवा, आणि बाकाजवळ ओला टॉवेल ठेवा. टाइमआउटला त्यावर पाय पुसून लगेच कोरड्या फडक्यावर. ओला सोल धुळीच्या सोलपेक्षा जास्त घसरतो.

कोरडवाहू

अठरा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल माफ करा. सोयाबीन विकण्यात गुंतलो होतो.

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. फिजिओताई, तुम्ही लिहिलं तेच नाव त्यांनी घेतलं. दोन आठवडे उड्या बंद, मांडीचे ताण देण्याचे व्यायाम, बर्फ. सध्या ती फक्त फ्री थ्रो टाकते, रोज शंभर. जिल्ह्याचा सामना त्यांच्या मुदतीनंतर चार दिवसांनी आहे. ते पुन्हा तपासून हो म्हणाले तरच उतरवणार, हे मी तिला आणि सरांना सांगून ठेवलं आहे. ती रडली, पण ऐकलं.

पाय २३.८ सेंमी निघाला. तिला घेऊनच नागपूरला गेलो. दोन दुकानांत सात जोड घालून पाहिले, दहा उड्या तिच्याऐवजी मावसबहिणीने मारल्या, तिचं माप तेच आहे. घट्ट काळं रबर, नागमोडी खाचा, चवड्याला पसरट कड असे ३,१९९ ला मिळाले. आमच्या मोच्याने बघितलं आणि पुढच्या बाजूने दोन ओळी शिवून दिल्या, पैसे घेतले नाहीत. चालून, हळू पळून पाहिलं, पाय आत हलत नाही.

कोर्टचंही केलं. वाळवण आता खडीच्या अर्ध्यावर, तेही दुपारी दोनपर्यंत. चारला मुली आधी खराटा, मग ओलं पोतं दोन्ही टोकांना धरून ओढत नेतात, वाळलं की खेळतात. ज्यांचे जोडे जुनेच आहेत त्याही कमी घसरतात. हे मला जोड्यांआधी कळायला हवं होतं.

आता दुसरी मदत मागतो. संघात दहा जणी आहेत. चौघींकडे बरे जोडे आहेत, सहा जणी कॅनव्हासच्या पातळ बुटांवर खेळतात. त्यांची मापं तशीच कागदावर घेतली: २२.४, २२.९, २३.१, २३.५, २४.० आणि २४.६ सेंमी. अमरावती, यवतमाळ, नागपूरकडे कोणाच्या घरी या मापाचे, फारसे न वापरलेले बास्केटबॉलचे जोडे पडून असतील तर कळवा. फेसवर सुरकुत्या आहेत का आणि टाच कलली आहे का, तेवढं बघून सांगा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, योग्य ते पैसेही देईन.