मदत हवी आहे : ट्रायझिनवर उरलेला क्लोरीनच पेशी मारतोय का?

नमस्कार मंडळी,

मी मेडिसिनल केमिस्ट्रीत पीएचडी करते आहे. सायन्युरिक क्लोराईडपासून (ट्रायझिनची रिंग, तिच्यावर तीन क्लोरीन) १,३,५-ट्रायझिनची एक मालिका बनवली आहे, टार्गेट पीआय३के-अल्फा हे कॅन्सरशी संबंधित एन्झाइम. पहिला क्लोरीन ०–५ अंशांवर बर्फात निघतो, दुसरा खोलीच्या तापमानाला, तिसऱ्यासाठी मात्र चांगलं तापवावं लागतं. क्लोरीनच्या जागी एकेक अमाइन (नायट्रोजनवाला गट) बसत गेलं की उरलेला क्लोरीन आणखी हट्टी होतो. माझ्या रेणूंत एका जागी मॉर्फोलिन, दुसरीकडे अॅनिलिन आणि तिसरीकडे वेगवेगळी अमाइन्स आहेत.

फायनल कंपाउंड्सबरोबर इंटरमीजिएटही (एक क्लोरीन अजून शिल्लक असलेलं मधल्या टप्प्याचं कंपाउंड) टेस्टिंगला दिलं होतं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी टेस्ट) केली, तर तिन्ही जागा भरलेली कंपाउंड्स ५० मायक्रोमोलरलाही ढिम्म. आणि क्लोरीन तसाच असलेल्या इंटरमीजिएटचं आयसी-५० (परिणाम निम्मा होण्यासाठी लागणारी मात्रा) मात्र ५ मायक्रोमोलरच्या आसपास! एचईके-२९३ या कॅन्सर नसलेल्या पेशीही ते जवळजवळ तितक्याच जोरात मारतं. डॉकिंग (संगणकावर रेणू टार्गेटमध्ये बसवून बघणं) नेमकं उलटं सांगतं : फायनल कंपाउंड्सचा स्कोअर चांगला, मॉर्फोलिनचा ऑक्सिजन टार्गेटमधल्या व्हॅलिन-८५१ शी हायड्रोजन बंध करताना छान दिसतो.

मला शंका आहे की हा क्लोरीन प्रथिनांतल्या सिस्टीनच्या सल्फरला जागा देऊन स्वतः निघून जातोय, म्हणजे कंपाउंड दिसेल त्या प्रथिनाला चिकटतंय. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग याच रसायनावर चालतात. डायक्लोरोट्रायझिनचे रंग थंडीतच धाग्याशी बंध करतात, मोनोक्लोरोचे गरम केल्यावर. माझं इंटरमीजिएट मोनोक्लोरो, म्हणून ३७ अंशांवर ते कितपत चिकटेल याचा अंदाज येत नाही. बाजारात आलेली औषधं बघितली तर अल्ट्रेटामाइन (१९९०) काय किंवा एनासिडेनिब (२०१७) काय, दोन्हींत ट्रायझिनच्या कार्बनवर क्लोरीन नाही.

सरांचं म्हणणं, हे इंटरमीजिएटच 'लीड' (पुढचं औषध घडवायचा पाया) म्हणून पेपर लिहून टाक. मला ते पटत नाही. उद्या कुणी त्यावरून पुढची शंभर कंपाउंड्स बनवायला घेतली तर त्यांची मेहनत आणि पैसा पाण्यात जाईल. कॉलेजात टीएलसी आणि एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी तंत्रं) आहे, घटकांचं वस्तुमानही सांगणारं एलसी-एमएस बाहेरून पैसे भरून करावं लागतं. एवढ्यात खात्री कशी करून घ्यावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

—

प्रतिसाद :

ताई, शंका अगदी रास्त आहे. पेपर थांबवा.

आधी ग्लुटाथायोन (पेशींतलं थायोल, म्हणजे सिस्टीनसारखा सल्फर असलेलं) घ्या. पीएच ७.४ च्या बफरमध्ये ५ मिलिमोलर, ३७ अंश, आणि दर काही तासांनी एचपीएलसी. शेजारी ग्लुटाथायोनशिवायची कुपी ठेवाच, नाहीतर पाण्याने क्लोरीन गेला की सल्फरने, हे कळणार नाही. नवा पीक आला तर तेवढाच एलसी-एमएसला पाठवा. वस्तुमान २७१ ने वाढलेलं दिसलं की अॅडक्ट झालं, म्हणजे क्लोरीन जाऊन ग्लुटाथायोन चिकटलं.

दुसरं, सोडियम मेथॉक्साईडने क्लोरीनच्या जागी मेथॉक्सी बसवा. चिकटण्याची सोय जवळपास गेली आणि आकार फार बदलला नाही. त्याबरोबर अॅक्टिव्हिटीही गेली, तर संशय क्लोरीनवर पक्का. राहिली, तर मात्र तुमच्या हाती खरंच काहीतरी आहे.

पेशींना आधी एन-अॅसिटिलसिस्टीन (हेही थायोल) देऊन बघायचं असेल तर जपून : थायोल स्वतःच एमटीटीचं रिडक्शन करतं, रंग येतो आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. एमटीटी घालण्याआधी पेशी नीट धुवा, किंवा सरळ एसआरबी (पेशींतलं प्रथिन रंगवून मोजणारी टेस्ट) करा.

आणि फायनल कंपाउंड्स एवढ्यात टाकून देऊ नका. सपाट ट्रायझिनं मीडियामध्ये सर्रास खाली बसतात. ५० मायक्रोमोलरचं वेल मायक्रोस्कोपखाली धरा. सुयांसारखे स्फटिक दिसले तर ती टेस्ट झालेलीच नाही असं समजा, आणि एखाद्या अमाइनच्या जागी विरघळायला मदत करणारं मिथाइलपायपरॅझिन लावून पुन्हा बघा.