शब्दचर्चा : 'डिपेंडन्सी'साठी अवलंबित्व की आधार?

नमस्कार मंडळी. सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना डेटाबेस शिकवतो. नोट्स मराठीत लिहायला घेतल्या आहेत आणि आठवडाभर एका शब्दापाशी अडलोय.

आधी संदर्भ. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 'पीजी_डिपेंड' नावाचं सिस्टिम कॅटलॉग (डेटाबेसने स्वतःच्या माहितीसाठी ठेवलेलं टेबल) आहे, २००२ साली आलेल्या ७.३ आवृत्तीपासून. डेटाबेसमधली कुठली वस्तू कुठल्या वस्तूवर अवलंबून आहे, याची नोंद त्यात राहते. 'ग्राहक' टेबलावर एखादा व्ह्यू (टेबलातून माहिती दाखवणारी, नाव देऊन साठवलेली क्वेरी) बांधलेला असेल आणि तुम्ही ते टेबल ड्रॉप करायला, म्हणजे काढून टाकायला गेलात, तर सर्व्हर अडवतो. आज्ञेत कॅस्केड ('अवलंबून असलेलंही काढ') लिहिलंत तर व्ह्यूही जातो. या नोंदीच्या प्रत्येक ओळीला दोन टोकं असतात : 'ऑब्जआयडी'त टेकणारी वस्तू, 'रेफऑब्जआयडी'त जिच्यावर ती टेकली आहे ती.

मी फळ्यावर लिहिलं, "व्ह्यू आणि टेबल यांच्यात अवलंबित्व आहे." चाचणीत कोण कोणावर अवलंबून ते बाणाने दाखवायचं होतं, तर बऱ्याच जणांनी बाण उलटा काढला. चूक माझ्या वाक्यात होती. 'अवलंबित्व' म्हटल्यावर नातं कळतं, पण कोण कोणावर ते कळत नाही.

वर्गात विचारलं, 'अवलंबून आहे'ला घरी काय म्हणता? शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी म्हणाली, "आधारपडि उंदि." अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा मुलगा म्हणाला, "अवलंबिसिदे." एकीच्या शब्दात खालचं टोक (आधार), दुसऱ्याच्या शब्दात वरचं (टेकणारं). मला दोन्ही टोकांना वेगवेगळी नावं हवी आहेत. सुचवा.

प्रतिसाद :
सर, 'अवलंबित' मात्र घेऊ नका. 'लम्ब्' म्हणजे लोंबणे; आपलं 'लोंबणे'ही त्याच कुळातलं. (इंग्रजी 'डिपेंड'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही खाली लोंबणे असाच आहे.) पण 'अवलंबित' या रूपाने संस्कृतात लोंबणारी वस्तूही दाखवता येते आणि जिला धरलंय तीही. तुमच्या मुलांचा बाण याच शब्दापायी पुन्हा उलटेल. 'अवलंबी'त ही भीती नाही. स्वावलंबी, परावलंबी हे शब्द रोजचे आहेत आणि त्यांत 'अवलंबी' म्हणजे टेकणाराच. दुसऱ्या टोकाला 'आलंबन' सुचलं होतं, पण काव्यशास्त्रातला आलंबन विभाव (ज्याच्यामुळे भाव जागतो तो) आठवून मुलं दचकतील. 'आधार'च बरा.

प्रतिसाद :
कोणी 'आश्रित' सुचवायच्या आत सांगतो, नको. मराठीत आश्रित म्हटलं की मिंधेपण येतं.

आम्ही कामावर यातला एकही शब्द वापरत नाही. "हात लावायच्या आधी बघ, यावर काय काय उभंय," असं म्हणतो. आणि सर, नोट्समध्ये एक गोष्ट जरूर घाला. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेत) लिहिलेल्या फंक्शनच्या आत कुठली टेबलं आहेत, ते पीजी_डिपेंडला माहीत नसतं, कारण फंक्शनचा मजकूर नुसती अक्षरं म्हणून साठवलेला असतो. मी एकदा एका ठिकाणी जुनं टेबल ड्रॉप केलं. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. रात्री हिशेबाचं फंक्शन चाललं आणि टेबल नाही म्हणून पडलं. पहाटेपर्यंत बॅकअपमधून टेबल परत आणत बसलो होतो. तेव्हा अवलंबून असणं वेगळं आणि त्याची नोंद असणं वेगळं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

मूळ लेखक :
दोघांचेही मनापासून आभार. 'अवलंबी' आणि 'आधार' ही जोडी पक्की करतो. फंक्शनचा मुद्दा उद्याच घेतो.

काल चादरीचा एक फाटका तुकडा वर्गात नेला होता. त्या पूर्व भागातल्या मुलीच्या घरी माग आहे. तिने कडेचा एक आडवा धागा ओढून काढला. उभे धागे होते तसेच राहिले. मग एकेक करत उभे काढायला लागली, तसे आडवे सैल होऊन तिच्या बोटांत आले. म्हणाली, "सर, मागावर आधी ताणा (उभे धागे) चढतो, मग बाणा (आडवे)." फळ्यावर लगेच लिहिलं : बाणा अवलंबी, ताणा आधार. व्ह्यू अवलंबी, टेबल आधार. या वेळी कुणाचाही बाण उलटा गेला नाही.

आता अडलंय ते पीजी_डिपेंडमधल्या 'डेपटाइप' कॉलमपाशी, जिथे अवलंबित्वाचा प्रकार एका अक्षरात लिहिलेला असतो. त्यातल्या 'आय' (इंटर्नल) या अक्षराला 'अंगभूत' म्हणावं असं वाटतं. व्ह्यूच्या पोटात एक रूल (त्याची क्वेरी सांभाळणारा नियम) असतो, तो व्ह्यूचंच अंग. तो एकटा ड्रॉप करायला गेलं तर सर्व्हर सांगतो, हवं तर व्ह्यूच काढा. 'एन' (नॉर्मल) म्हणजे साधा अवलंबी, त्याच्यासाठी कॅस्केड लिहावं लागतं. राहिला 'ए' (ऑटो) : टेबल गेलं की न विचारता त्याच्यासोबत जाणारा, जसा साधा इंडेक्स (टेबलात पटकन शोधायची सूची). 'स्वयंचलित' शब्द इथे अजिबात बसत नाही, इंडेक्स काही चालत नाही. 'सहगामी' कसा वाटतो?