लिनक्स मिंटला विंडोज ७ चा मुखवटा चढवायचाय, बाबांसाठी

बाकरवडी_६४बिट:
मंडळी मदत करा. बाबांचा पीसी जुना, तिसऱ्या पिढीचा आय३ आणि ४ जीबी रॅम. विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे, म्हणजे आपला पत्ता कटच. मग एक एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्सवाली सिस्टिम मिंट २२ घातली, सिनॅमन डेस्कटॉपसकट, मशीन पळतंय मस्त. प्रश्न मशीनचा नाहीच, बाबांचा आहे. वय ७१, सोसायटीचे सेक्रेटरी, एक्सपीवर शिकले, सातवर रमले आणि दहा नुसतं सहन केलं. आता हे हिरवं काहीतरी बघून म्हणतात "माझा कॉम्प्युटर कुठे गेला". म्हणून ठरवलं की हुबेहूब सात करून द्यायचं, त्यांना कळताच कामा नये. कुठल्याशा साइटवरून थीम उतरवून टाकली तर मेनूत पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, काही म्हणजे काही वाचता येईना. नक्की काय चुकतंय?

फॉरमॅटवाला:
आधी टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट (बिघडलं तर सिस्टिम मागे न्यायला) घे, मिंटमध्ये ते आलेलंच असतं. मग पुढच्या उचापती.
पांढऱ्यावर पांढरं म्हणजे बहुतेक थीम जुन्या सिनॅमनसाठी लिहिलेली आहे. थीम ही एक वस्तू नसते रे, सेटिंगमध्ये थीम्सच्या आत अॅडव्हान्स्डला गेलास तर चार वेगळे भाग दिसतील, माऊसचा बाण, अॅप्लिकेशन, आयकॉन आणि डेस्कटॉप. यातला डेस्कटॉप म्हणजे खालची पट्टी आणि मेनू, तुझा घोळ तिथेच असणार. तेवढं मिंटचं मूळचं परत लाव, आयकॉन फक्त सातचे घे. उतरवलेली फोल्डरं होममध्ये लपलेल्या थीम्स आणि आयकॉन्स या फोल्डरांत जातात (नावाआधी टिंब असतं, कंट्रोल एच दाबलं की दिसतात), रूट म्हणजे अॅडमिनच्या भानगडीत पडू नकोस.
आणि हुबेहूब विसर. लिबअद्वैतावर (रूप आधीच ठरवून देणारी लायब्ररी) बनवलेली नवी अॅप्स तुझ्या थीमला भीक घालत नाहीत, फ्लॅटपॅकवाली (आपल्या बंद डब्यात चालणारी) अॅप्स तर होममधलं थीमचं फोल्डर बघूच शकत नाहीत, त्यांना फ्लॅटसील नावाच्या अॅपमधून परवानगी द्यावी लागते. इतकं करून चारातलं एक अॅप वेगळं दिसणारच.

ओली_भेळ:
हुबेहूब पाहिजे तर सिनॅमन सोडून केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर जा, तिथे एरोथीमप्लाझ्मा म्हणून प्रकार आहे, काचेच्या कडा, गोल स्टार्ट बटण, सगळं. पण ते स्वतः कंपाइल करायला (कोडपासून बनवायला) लागतं आणि अपडेट आलं की परत डागडुजी, तेव्हा बाबांच्या मशीनवर नको, स्वतःच्या मशीनवर हौस भागव. विंडोज ९५ करायचं असेल तर एक्सएफसीई डेस्कटॉपवर शिकागो९५ आहे, ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. हॅकिंगच्या चाचण्यांसाठीच्या काली लिनक्सवाल्यांनी तर २०१९ मध्ये अंडरकव्हर मोड दिला, एक कमांड मारली की डेस्कटॉप विंडोज १० सारखा, म्हणजे कॅफेत बसलेल्या माणसाकडे कुणी वळून बघायला नको.
ही हौस जुनी आहे म्हणा. २००१ मध्ये लिंडोज नावाचं लिनक्सच निघालं होतं, मायक्रोसॉफ्टने नावावरून केस केली आणि शेवटी २००४ मध्ये २ कोटी डॉलर मोजून ते नाव सोडवून घेतलं, ते लिनस्पायर झालं. केस ठोकली त्यांनीच आणि पैसेही त्यांनीच दिले, असली केस आपल्यावर कोण करेल का!

निवृत्त_हेडक्लार्क:
मी स्वतः ६८ वर्षांचा आहे, तेव्हा तुमच्या बाबांच्या बाजूने बोलतो. भाच्याने माझं मशीन असंच करून दिलं होतं, दिसायला अगदी विंडोज. झालं काय, मी प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून एक्झी फाईल (विंडोजची, लिनक्सवर थेट चालत नाही) उतरवली आणि अर्धा तास त्यावर डबल क्लिक करत बसलो. मला वाटलं माऊस गेला, नवीन माऊस आणला. भाचा फोनवर हसतोय. चेहरा विंडोजचा दिला की माणूस विंडोजसारखाच वागणार ना हो.
आम्हाला रंगाचं काही नसतं. हात जिथे जातो तिथे वस्तू असली की झालं. डेस्कटॉपवर डावीकडे वर कॉम्प्युटर, खाली कचऱ्याचा डबा, हे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये चालू करता येतं. पट्टीवर नुसती चित्रं नकोत, नावं दिसली पाहिजेत, त्यासाठी ग्रुप्ड विंडो लिस्ट काढून साधी विंडो लिस्ट लावा. फायरफॉक्सच्या शॉर्टकटचं नाव बदलून "इंटरनेट" करा. लिब्रेऑफिसला (इथलं वर्ड) पर्यायांत जाऊन कायम वर्डच्या डॉक्सएक्समध्येच सेव्ह करायला सांगा, नाहीतर सोसायटीचे लोक फोन करतील की नोटीस उघडत नाही. विंडोजचा मंगल फॉन्ट तिथे नसतो, दुसरा लागतो आणि एका पानाची नोटीस दीड पान होते, तेही बघून घ्या.
आणि मुख्य म्हणजे बाबा मराठी कसं टाइप करतात? आमच्या पिढीत टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मराठी थर्टी (मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा) पास झालेले पुष्कळ, त्यांचा हात रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असतो. इन्स्क्रिप्ट ही दुसरी मांडणी दिलीत तर वैतागतील. आयबसमध्ये (भाषांचे कीबोर्ड बदलणारा प्रोग्राम) एम१७एन हा त्याचा जोड टाका, मराठीखाली रेमिंग्टन मिळतं, गमभनही (इंग्रजी अक्षरांतून मराठी) मिळतं.

बाकरवडी_६४बिट:
काका, बाबा मराठी थर्टीवालेच निघाले! मी त्यांना इन्स्क्रिप्ट देऊन वर "सरकारी स्टँडर्ड आहे" असं ऐकवून आलो होतो 🤦
तर अपडेट. डेस्कटॉप मूळचा ठेवला, आयकॉन सातचे, पट्टीवर नावं, रेमिंग्टन लावलं. निळ्या आकाशाचा वॉलपेपर मी हौसेने लावला होता तो त्यांनी पाच मिनिटांत काढून नातीचा फोटो लावला. आयकॉन सातचे आहेत हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही, माझे चार तास गेले त्यात. नोटीस मात्र टाइप केली पाणीकपातीची, एका दमात.
तक्रार एकच उरलीय. सॉलिटेअर. आयलरायट हे लिनक्सवरचं सॉलिटेअर टाकून दिलं, खेळ तोच, पण जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली पडत नाहीत. "मग जिंकून उपयोग काय" म्हणाले.

ओली_भेळ:
हाहाहा बाबा बरोबर बोलतायत. ते उड्या मारणारे पत्ते विंडोज ३.० पासूनचे आहेत, १९९० चे. तुझ्याकडे जुनी एक्सपीची सीडी असेल तर त्यातली सॉलिटेअरची एक्झी आणि पत्त्यांची डीएलएल फाईल, दोन्ही एका फोल्डरात ठेव आणि वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) चालव, माझ्याकडे चाललंय.

निवृत्त_हेडक्लार्क:
म्हणजे एक्झी चालते? मग माझ्या प्रिंटरचं काय पाप होतं?

फॉरमॅटवाला:
काका, वाइनमधून खेळ चालतात, ड्रायव्हर नाही चालत. प्रिंटरचं मॉडेल टाका इथे, बघतो.

बाकरवडी_६४बिट:
सीडी माळ्यावर सापडली. पडले पत्ते. बाबांनी आईला हाक मारून दाखवलं.