पार्करन: तुमचा पहिला शनिवार कसा गेला?

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी ठरलेल्या बागेत जमायचं आणि पाच किलोमीटर जायचं. पळत, चालत, मध्ये थांबत, कसंही. पैसे घेत नाहीत. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ जणांना घेऊन हे सुरू केलं. ते स्वतः तेव्हा दुखापतीमुळे पळू शकत नव्हते! आता कित्येक देशांत चालतं.

एवढी सगळी माहिती वाचून मी नोंदणी केली आणि चार महिने घरीच बसलो. कारण एकच, शेवटचा आलो तर? परवा एकदाचा गेलो. माझं नंतर सांगतो, आधी तुमचं येऊ द्या. किती मिनिटं लागली यापेक्षा जाण्याआधी पोटात काय होत होतं ते लिहा.

*

शेवटचं येण्याची भीती? मी ६१ वर्षांची आहे, मला त्याची खात्रीच होती. सुनेनं परस्पर नाव घातलेलं, त्यामुळे गेले. तिथे टेल वॉकर म्हणून एक स्वयंसेवक असतो, सगळ्यांच्या मागून चालणारा. शेवटचा नंबर तो स्वतःसाठी आधीच राखून ठेवतो, म्हणजे आपण फार तर शेवटून दुसरे. आमचे टेल वॉकर इतके गप्पिष्ट होते की तिसरा किलोमीटर कधी संपला कळलं नाही. ५८ मिनिटं लागली. अर्ध्या तासापूर्वी पोचलेली माणसं टाळ्या वाजवत उभी होती. छान वाटलं म्हणायची पद्धत आहे, पण मला तर कानकोंडं झालं. मान खाली घालून क्रमांकाचं टोकन घेतलं. दुसऱ्या खेपेला मात्र मान वर होती.

*

मी आरंभशूर. सगळे सुटले तसा मीही सुटलो. पहिला किलोमीटर पाच मिनिटांत, मनात म्हटलं आपण उगाच घाबरत होतो. दुसऱ्या किलोमीटरला उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की कमरेवर हात ठेवून वाकलो. मग पुढे गेले ते असे: एक आजोबा, बाबागाडी ढकलणारी एक बाई आणि एक कुत्रा (मालकासह). आजोबा जाता जाता म्हणाले, "हळू जा, बाग कुठे जात नाही."

आता माझा नियम साधा आहे. पहिल्या किलोमीटरला शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त आहे. सुरुवातीला सगळे आपल्याला मागे टाकतात, ते सहन करायला पायांपेक्षा डोकं जास्त लागतं.

*

बारकोड विसरू नका हो! नोंदणी केल्यावर मिळतो तो, एकच कायम चालतो, कुठल्याही देशात. शेवटच्या रेषेनंतर आधी क्रमांकाचं टोकन हातात देतात, मग ते आणि आपला बारकोड स्कॅन करतात. मी बारकोडशिवाय गेले. ३६ मिनिटं लागली, पण निकालात माझ्या जागी 'अनोळखी'. आयुष्यात पहिल्यांदा पाच किलोमीटर पळले आणि ते कुणा अनोळखी बाईच्या नावावर! शिवाय घड्याळ सगळ्यांसाठी एकदमच सुरू होतं, तुम्ही रेषा कधी ओलांडलीत ते कुणी बघत नाही. मागे उभं राहिलात तर ते सेकंद तुमच्याच खात्यात.

*

आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. अकराच्या आतलं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात असावं, असा नियम आहे. मुलांनी सुटू नये म्हणून असावा. आमच्याकडे उलटं झालं. ती पुढे जाऊन थांबायची आणि ओरडायची, "बाबा, नियम!"

*

मला नाही आवडलं. लिहायचं की नाही असा विचार करत होतो. सगळे आपापल्या घोळक्यात, ओळखीपाळखीचे. सुरुवातीला नवख्यांसाठी वेगळी माहिती देतात ती ऐकली, पळालो, कुणाशी एक शब्द न बोलता घरी आलो.

*

वरच्यांना: माझंही तसंच झालं असतं, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी पहिल्यांदा गेले ती स्वयंसेवक म्हणून. भडक रंगाचं जॅकेट घालून एका वळणावर उभी राहिले, काम एवढंच की लोकांना डावीकडे वळवायचं. दोनशे अनोळखी माणसं दमलेल्या आवाजात 'थँक्यू' म्हणत गेली. पुढच्या शनिवारी निम्मे चेहरे ओळखीचे होते. एकदा असं करून बघा. नाहीच जमलं तर सोडून द्या, सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे?

*

धागाकर्ता: आता माझं. शेवटचा आलो नाही, शेवटून नववा. चौथ्या किलोमीटरला चाललो, बाकी पळालो, ४१ मिनिटं. पण खरा घोळ नंतर झाला. स्कॅन झाल्यावर टोकन परत द्यायचं असतं, मी आनंदाच्या भरात खिशात टाकून निघालो. अगदी सुरुवातीला टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरायचे म्हणे, तसा वॉशर असता तर खिशात जड तरी लागला असता. हे प्लॅस्टिकचं रविवारी कपडे धुताना मशीनमध्ये खडखडलं. स्वच्छ निघालंय. शनिवारी नेऊन देतो, म्हणजे परत जाणं आलंच.