वर्षभराचं वाचन: आकडा धरून की नकाशा धरून?

कृष्णाकाठ
जानेवारी आला की 'यंदा पन्नास पुस्तकं', 'यंदा शंभर' असे संकल्प ऐकू येतात. या आकड्यांना माझा विरोध आहे. माझा प्रस्ताव असा: वर्षात बाराच पुस्तकं, पण प्रत्येक मराठी मुलखाच्या वेगळ्या कोपऱ्यातलं. माणदेशासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), वऱ्हाडासाठी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०), कोकणासाठी श्री. ना. पेंडसे यांचं 'रथचक्र', डहाणू-तलासरीच्या वारली पट्ट्यासाठी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो', बुलढाण्याकडच्या शेतीसाठी सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. उरलेली तुम्ही सुचवा.

आकडा गाठायचा असला की हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जातो. 'धग'मधली वऱ्हाडी बोली कानात बसेपर्यंत सुरुवातीची पानं सावकाशच जातात. आठवड्याला एक पुस्तक संपवायचं असलेला माणूस तिथेच ते मिटून ठेवतो, आणि कौतिकसारखी बाई त्याला कधी भेटतच नाही. शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांची मराठी फार अरुंद पट्ट्यातली आहे, ती रुंदावायची तर अशी यादी हवी.

सातची_लोकल
अजिबात पटलं नाही. नोकरी, घर, दोन वेळचा प्रवास यात वाचन सगळ्यात आधी मागे पडतं. आकडा होता म्हणून मी ते पुन्हा सुरू केलं. गाडीत मोबाईल काढण्याऐवजी पुस्तक काढायचं, एवढी सवय लागायला आकडाच कामी आला. तुमच्या यादीचं मला ओझं वाटतं. जानेवारीतच 'धग' हातात पडली आणि सूर लागला नाही, तर संकल्प तिथेच संपेल. आधी वाचायची गोडी लागू द्या, मुलूख कुठे पळून जात नाहीत. आणि बारीक पुस्तक म्हणजे हलकं पुस्तक हे कोणी ठरवलं? तुमची 'बनगरवाडी' जाडीला केवढी आहे?

पाटीपेन्सिल
आकड्याचा वाद तुम्ही दोघं मिटवा. मला नकाशाबद्दलच बोलायचं आहे.

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) तुम्ही कुठे टाकणार? त्यात अकोले तालुक्यातलं गाव आहे आणि मुंबईतली कावाखाना ही वस्तीही आहे. शिवाय गावात राहूनही गावाबाहेरच्या महारवाड्यातून जे दिसतं ते गावठाणातून दिसत नाही. तुमच्या नकाशावर दोन्हींचा ठिपका एकच. बेबी कांबळेंचं 'जिणं आमचं' फलटणकडचं म्हणून 'पश्चिम महाराष्ट्र' या रकान्यात जाईल आणि तो रकाना तुम्ही आधीच माणदेश देऊन भरलाय. म्हणजे ते पुस्तक बाहेर! जिल्हा निराळा म्हणून जगणं निराळं, हे गृहीतच चुकीचं आहे. यादी करायची तर 'हे कोण सांगतंय' या प्रश्नावर करा. 'जेव्हा माणूस जागा होतो' मला फार प्रिय आहे, वेठबिगारीवर इतकं थेट लिहिलेलं मराठीत कमी आहे. पण तेसुद्धा वारल्यांसोबत लढलेल्या कार्यकर्तीने लिहिलंय. वारली माणसाने स्वतः लिहिलेलं काही तुमच्या यादीत आहे का?

कृष्णाकाठ
@पाटीपेन्सिल, 'जिणं आमचं' यादीत घेतो, रकान्याची अट त्यासाठी मोडली तरी चालेल. पण नकाशा सोडणार नाही. नुसतं 'कोण सांगतंय' एवढंच धरलं तर पुण्यामुंबईच्या दुकानांत जे समोर मांडलेलं असतं तेच पुन्हा उचललं जाईल. बोली, पीकपाणी, दुष्काळ यांनी जगणं घडतंच ना! 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळाशिवाय सांगून दाखवा. पाऊस नाही, मेंढरांना चारा नाही, म्हणूनच ती वस्ती उठते.

@सातची_लोकल, वर्षात बाराच आहेत हो. सूर लागला नाही तर महिनाभर थांबा, पुढच्या महिन्यात पुन्हा उघडा.

वेचणी
या दोन्ही पद्धतींत कवितेचं काय होतं ते पाहा. आकडेवाले कवितासंग्रह एका बैठकीत संपवतात, कारण पानं कमी. नकाशावाले बेळगावची म्हणून इंदिरा संतांची एक वही घेतील आणि सीमाभागाच्या नावापुढे बरोबरची खूण करतील. त्यांचा 'गर्भरेशीम' हा संपवायचा संग्रह आहे का? त्यातल्या एकेका कवितेपाशी दिवस थांबावं लागतं, आणि महिन्याने परत यावं लागतं. पुन्हा वाचण्याला तुमच्या एकाही हिशोबात जागा नाही. माझं मत स्पष्ट आहे: वाचनाला आव्हान लावूच नये.

सातची_लोकल
ज्याच्या घरात पुस्तकं होती त्याला हे म्हणणं सोपं आहे.

वेचणी
घरात पुस्तकं नव्हती. वाचनालयात जे कपाट उघडं असायचं त्यातलं वाचत गेले. यादी कुणी दिली नाही, म्हणूनच भलतंसलतं सगळं हाताला लागलं आणि त्यातून आवड तयार झाली. त्यामुळे हा मुद्दा मला लावू नका.

तालुका_ग्रंथालय
मी देवघेव विभागात काम करते, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईत किंवा ठाण्यात बसून यादी करणं वेगळं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तिथे जुन्या कादंबऱ्या मिळण्याची आशा असते. आमच्याकडे सभासद यादी घेऊन येतात, त्यातलं निम्मं कपाटात नसतं, मग ते हिरमुसून जातात. कित्येकदा पुन्हा येतच नाहीत.

तरीही मी आव्हानाच्या बाजूने आहे. वेचणीताई, तुम्ही स्वतःहून कपाटापाशी गेलात, पण आज आमच्याकडे येणाऱ्या मुलाला स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांपलीकडचं कपाट कुणीतरी दाखवावं लागतं. फक्त क्रम उलटा करा. आधी आपल्या वाचनालयात काय आहे ते पाहा आणि त्यातून बारा निवडा. नकाशा हवा असेल तर सुरुवात आपल्याच तालुक्यातल्या लेखकापासून करा. त्याचं पुस्तक आमच्याकडे नसेल तर मागणी नोंदवहीत लिहा. पुढच्या खरेदीची यादी करताना आम्ही ती वही समोर घेतो, आणि एकाच पुस्तकाची मागणी चारपाच सभासदांनी नोंदवली असेल तर मला समितीपुढे ते नाव रेटता येतं.

पाटीपेन्सिल
@तालुका_ग्रंथालय, मग 'जिणं आमचं'ची मागणी माझ्या गावच्या वाचनालयात मी या आठवड्यात नोंदवते. कृष्णाकाठ, तुम्ही तुमच्याकडे नोंदवा. वारली लेखकाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, त्याचं उत्तर द्या.