विषाणू ‘मरतो’, ‘निष्क्रिय होतो’ की ‘निकामी होतो’?

प्रश्न: बारावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राची टिपणं मराठीत करतेय. ‘एपोबेक३जी हे विकर (पेशीतलं एन्झाइम) एचआयव्हीला निष्क्रिय करतं’ असं लिहिलंय. शाळेतले एक सर म्हणतात, सरळ ‘मारतं’ लिहा. काय ठेवू?

प्रतिसाद १: ताई, ‘मारतं’ नको. जिवाणू मरतो. विषाणूला स्वतःचं चयापचयच नाही, मग मरणार काय? पण ‘निष्क्रिय’ही इथे घात करेल. लसींमुळे तो शब्द रुळलाय: कोव्हॅक्सिनमधला करोना विषाणू बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय केलेला असतो, तेही शरीराबाहेर. शिवाय एचआयव्ही पेशीत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि औषध थांबलं की उठतो. ‘निष्क्रिय’ वाचून मुलं नेमकं तेच समजतील. त्या गप्प पडून राहण्याला ‘सुप्त’ म्हणा.

एपोबेक३जी काय करतं ते बघा. बाधित पेशीत नवे विषाणू तयार होताना ते त्यांच्यात शिरून बसतं. पुढच्या पेशीत विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए करायला लागला, की त्या पहिल्या धाग्यातल्या सायटोसीन या ‘अक्षरा’चं (‘सी’चं) युरॅसिल करत सुटतं. जोडधाग्यात मग ‘जी’च्या जागी ‘ए’ येतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा ‘टीजीजी’ हा संकेत होता तिथे ‘टीएजी’ होतो, म्हणजे ‘थांबा’! प्रथिन अर्धवटच तुटतं. असे शेकडो बदल झाल्यावर त्या मजकुरातून धड विषाणू बनत नाही. याला ‘निकामी करणं’च शोभतं.

प्रतिसाद २: सहमत. फक्त सगळ्याच विकरांना हा शब्द लावू नका. आरएनेझ-एल आरएनएचे तुकडे करतं, पेशीच्या स्वतःच्या आरएनएचेसुद्धा. तिथे ‘तोडतं’ लिहा. एसएएमएचडी१ विषाणूला हातही लावत नाही, डीएनएचा कच्चा मालच संपवतं. ते ‘रोखतं’.

प्रश्नकर्ती: मग ‘एपोबेक३जी बाधित पेशीतल्या एचआयव्हीला निकामी करतं’ चालेल?

प्रतिसाद १: दोन दुरुस्त्या. ‘बाधित पेशीतल्या’ऐवजी ‘बाधित पेशीतून निघालेल्या’ हवं. आणि विफ सोडू नका. एचआयव्हीचं हे प्रथिन एपोबेक३जीला पेशीच्याच प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतं. २००२ मध्ये या विकराचा शोध लागला तोही विफ नेमकं काय करतं हे कोडं सोडवतानाच. तेव्हा लिहा: ‘विफ नसेल, तर एपोबेक३जी बाधित पेशीतून निघालेल्या एचआयव्हीला निकामी करतं.’